बाईंच्या बाजूचा ब्रेक

"अगं, तो हवालदार येणारच नाही कोर्टात!"

"आणि आला तर?"

"येत नाहीत गं. चौक सोडून कोण येतंय तिथे बाकावर बसायला? तारीख पडते, पुकारा होतो, हवालदार गैरहजर, चलान रद्द. चहा पिऊन घरी. मी रोज बघतो."

"तू रोज फायली उचलतोस, धाकट्या. बघतात ते तुझे वकीलसाहेब."

"उचलणाऱ्यालाच वजन कळतं! बरं, आला समजा. येऊ दे. आपण सांगायचं, गाडी बंद पडली होती. बिघडलेली गाडी पुलावर थांबली तर तो गुन्हाच होत नाही. गॅरेजवाला तसं लिहून देतो म्हणालाय. गाडी चालवत होत्या त्या टेलरबाई साक्ष देतायत. आणखी काय हवं तुला? जज्जाने घरी येऊन चहा करून द्यायला हवा?"

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"ती म्हण दंड भरून घरी बसलेल्यांनी काढलीय, ताई!"

"दूध बघ. दूध उतू जातंय."

धाकटा ओट्याकडे धावला, आणि बाईंना जरा उसंत मिळाली. चलान टेबलावर मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलं होतं. पुलावर गाडी थांबवण्यास मनाई असताना थांबवली, एवढाच त्याचा मजकूर. दंड काही जीव घेणारा नव्हता. खरी मेख पुढे होती. गाडी शिकवणाऱ्याच्या परवान्यावर असल्या चलानाचा तांबडा शेरा पडतो, आणि बाईंचा शिकवण्याचा बिल्ला याच महिन्यात परवाना कचेरीत पुन्हा मंजूर व्हायचा होता. शेरा पडला की बिल्ला काढून घेतात. मग पुन्हा परीक्षा द्या, पास व्हा, तोवर बाईंच्या ड्रायव्हिंगच्या शाळेला कुलूप. रस्त्याच्या पलीकडे नव्या ड्रायव्हिंग स्कूलच्या चकचकीत गाड्या ओळीने उभ्या होत्या. बाईंकडे एकच गाडी, तिचंही मागचं दार आतून उघडायचं तर आधी तिची मनधरणी करावी लागे.

"उद्या शेवटचा दिवस आहे," हातातलं भांडं तसंच धरून धाकटा म्हणाला. "कबूल की नाकबूल, एवढंच लिहून द्यायचंय. तू 'नाकबूल' लिही, पुढचं मी बघतो. आयुष्यात पहिल्यांदा तुला माझा उपयोग होतोय, होऊ दे की गं!"

यावर काय बोलणार? हा धाकटा म्हणजे बाईंनी अंगाखांद्यावर वाढवलेला भाऊ. त्याच्या कॉलेजची फी बाईंनी भरली, त्याला नोकरी लावण्यासाठी वकिलांच्या बायकोला बाईंनी गाडी शिकवली. आणि तोच, बाईंच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत, सर्वांत जास्त वेळा नापास झालेला विद्यार्थी. परीक्षेच्या वेळी त्याने गाडी मागे घेताना परीक्षकाचीच मोटरसायकल पाडली होती. "भाऊ म्हणून सोडून दिलं," बाई सांगायच्या, "नाहीतर मी त्याला बसचा पास काढून दिला असता."

"माझी शिकवणी आहे," बाई उठल्या. "दुपारी बोलू."

"दुपारी टेलरबाई येतायत. साक्षीची तालीम घ्यायचीय. बोलावलंय मी त्यांना."

बाई जिन्यात थबकल्या. पण मागे वळल्या नाहीत.

*

त्यांना सगळे क्लचबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे क्लचबाई. "क्लच, क्लच, क्लच!" हा त्यांचा घोष पेठेतल्या भाजीवाल्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. गाडी कोपऱ्यावर वळली की पोरं फुटपाथवरून कोरसमध्ये ओरडायची, आणि आत बसलेली शिकाऊ बाई घाबरून खरोखरच क्लच दाबायची. बाई म्हणायच्या, "बघा, फुकट मदतनीस मिळालेत."

शाळा मुळात त्यांची नव्हती. ती होती हळूमास्तरांची. मास्तर प्रत्येक गोष्टीला "हळू" म्हणायचे. गाडीला, विद्यार्थ्याला, चहा ओतणाऱ्याला, एकदा तर भूकंपाचा धक्का बसला तेव्हा जमिनीलाही म्हणाले. त्यांच्याकडे बाई फोन उचलायला आणि गाडी पुसायला म्हणून लागल्या. गाडी पुसता पुसता त्या स्टिअरिंगसमोर बसायच्या, आणि इंजिन बंद असतानाच गियर टाकून बघायच्या. पहिला, दुसरा, तिसरा. एके दिवशी दारातून आवाज आला, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मनगट मोकळं सोड. ते काही बरणीचं झाकण नाही."

बाईंना वाटलं, गेली नोकरी. त्याऐवजी मास्तर शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "आता इंजिन चालू कर. हळू."

असे उपकार कुणी मोजत नाही, आणि मास्तरांनीही कधी मोजले नाहीत. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी किल्ली बाईंच्या हातावर ठेवली, तीही कुणाला तरी रुमाल परत करावा तशी. सुरुवातीला बाईच्या हाताखाली गाडी शिकायची म्हणून लोक बिचकले. बायकांचे नवरे मागच्या सीटवर बसून यायचे, लक्ष ठेवायला. त्यांतले निम्मे पुढच्या महिन्यात स्वतःच शिकायला आले.

बाईंकडे यायच्या त्या बहुतेक उशिरा शिकणाऱ्या. रात्रपाळीची नर्स, नवरा गेल्यावर दुकान चालवणारी, नातवाला शाळेत सोडायचं म्हणून हट्टाला पेटलेली आजी. बाई त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या: "भीती डोक्यात नसते. डोकं शहाणं असतं. भीती पायात उतरते. तेव्हा पायाकडे लक्ष ठेवा."

शिकवण्याच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, विद्यार्थी चुकला तर गाडी सांभाळायला. बाईंचा पाय त्या ब्रेकच्या वर नुसता तरंगत असायचा, मांजरासारखा. दाबायचा नाही, हे त्यांचं व्रत. दाबला की विद्यार्थ्याला कळतं, आपल्यावर विश्वास नाही. शाळेची एक रीतही होती, मास्तरांपासून चालत आलेली. शेवटच्या शिकवणीला शिकवणाऱ्याने मागच्या सीटवर बसायचं. तिथे ना क्लच ना ब्रेक. विद्यार्थी चालवेल तिकडे मुकाट जायचं. बाई मागे बसल्या ही बातमी परीक्षा पास झाल्यापेक्षा मोठी समजली जायची. नंतर विद्यार्थिनी घरी पेढे नाही तर पेस्ट्री वाटायच्या, आणि बाई गाडीतून उतरून गुडघे चोळत म्हणायच्या, "जिवंत आणलंत, आभारी आहे."

टेलरबाईंची मागच्या सीटची वेळ जवळ आली होती. तेवढ्यात तो पूल आला.

*

त्या दिवशी टेलरबाई अगदी सुरेख चालवत होत्या. हे नंतर कुणाला खरं वाटलं नसतं, पण होत्या. पुलाच्या चढावर गियर बदलला तो लोण्यातून सुरी फिरावी तसा. वर मोकळं आकाश, खाली नदीचं मातकट पाणी, आणि टेलरबाई म्हणत होत्या, "बाई, आमच्या ह्यांना डोळ्यांच्या इस्पितळात मीच नेणार. बसमध्ये त्यांना पायरी दिसत नाही हो, दर वेळी कंडक्टर ओरडतो."

बाईंनी आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं. मागून लोखंडी सळया लादलेला ट्रक येत होता. आपल्या रांगेतून, आपल्या वेगाने, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आरशात तो भिंतीएवढा दिसला. पुढे काय झालं ते बाईंना कळलंच नाही. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"अगंबाई! काय केलं मी?"

"काही नाही. क्लच दाबा, पुन्हा सुरू करा."

टेलरबाईंनी सुरू केली. क्लच सोडला. धाडकन बंद. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. मागे ट्रक थांबला, ट्रकमागे बस थांबली, आणि सगळ्यांनी मिळून हॉर्नची फैर सुरू केली. टेलरबाईंच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला.

"ब्रेकवरचा पाय काढा," बाई म्हणाल्या.

"काढलाय!"

"मग हलत कशी नाही?"

"मला काय विचारता? तुम्ही बाई आहात ना!"

तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी असलेल्या चौकीतून हवालदार धावत आला. पोट सुटलेलं, टोपी हातात. त्याने गाडीच्या मागे उभं राहून दोन्ही हात पसरले आणि सगळी वाहतूक बाजूने काढून दिली. ट्रकवाल्याने खिडकीतून काहीतरी सुनावलं, हवालदाराने त्याला त्याहून चढ्या आवाजात सुनावलं. मग तो टेलरबाईंच्या खिडकीशी आला.

"ताई, ब्रेकवरचा पाय काढा बघू."

"अहो साहेब, काढलाय! हे बघा!" टेलरबाईंनी दोन्ही पाय उचलून हवेत धरले. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीसारख्या.

हवालदाराने मान वाकडी करून गाडीच्या मागे पाहिलं. मागचा लाल दिवा जळतच होता. त्याने टेलरबाईंच्या तरंगणाऱ्या पायांकडे पाहिलं. पुन्हा दिव्याकडे. मग गाडीला वळसा घालून तो बाईंच्या खिडकीशी आला, वाकला, आणि त्याने आधी बाईंच्या चेहऱ्याकडे आणि मग खाली पाहिलं.

त्याची नजर गेली तिकडे बाईंचीही गेली. तिथे बाईंचा उजवा पाय होता. त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर, टाच उचललेली, पोटरी ताठ, पोत्यावर उभं राहावं तसा. तो आपला पाय आहे हे पटायला बाईंना एक क्षण लागला.

हवालदार सरळ झाला. टेलरबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इंजिन तापलं असेल. आता होईल सुरू. चढावर असतो असा त्रास."

बाईंनी पाय काढला. गाडी सुरू झाली, मखमलीसारखी. पूल उतरल्यावर त्याने त्यांना कडेला घ्यायला लावलं आणि चलान लिहिलं. बाई शिकवणाऱ्या, म्हणून बाईंच्या नावे. कागद देताना एक अक्षर जास्त बोलला नाही.

शाळेपर्यंत टेलरबाई रडत आल्या. "माझ्यामुळे तुम्हाला चलान लागलं. माझ्याने नाही होणार, बाई."

आणि बाई म्हणाल्या, "होतं असं."

दोनच शब्द. पण म्हणाल्या त्या माफ करणाऱ्याच्या आवाजात.

*

सकाळची शिकवणी आटोपल्यावर बाई घरी न जाता टेलरबाईंच्या दुकानाकडे वळल्या. पुलावरच्या प्रकारापासून टेलरबाई शिकायला फिरकल्या नव्हत्या. दुपारी धाकट्यासमोर भेटण्याआधी एकट्यात भेटावं, सांगून टाकावं, असं बाईंनी ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं होतं असं वाटत होतं.

दुकान एका खोलीचं. एका अंगाला पायमशीन, दुसऱ्या अंगाला इस्त्रीचं टेबल, वर दोरीवर कापलेले ब्लाउज वटवाघळांसारखे लटकलेले. टेलरबाईंचे यजमान कोपऱ्यात बसून बटणं लावत होते. सुईत दोरा ओवायचं काम बायकोचं, बटण चाचपून लावायचं काम त्यांचं.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"बाई आल्यात," टेलरबाई उठल्या. "अहो, स्टूल द्या. नको, तुम्ही बसा, मीच देते."

"क्लचबाई?" यजमानांनी चेहरा आवाजाकडे वळवला. "या या. हिला जरा समजवा हो. शिकाऊ लायसन कुठेतरी दडवून ठेवलंय. म्हणते गाडी नको, बसच बरी. मी म्हणतो कंडक्टरपेक्षा तुझं ओरडणं बरं, ते निदान सवयीचं आहे."

"तुम्ही बटणं लावा," टेलरबाई म्हणाल्या. मग बाईंकडे वळून हळूच, "दुपारी येतेय मी. काळजी करू नका. भाऊ सांगतील तसं बोलेन. माझ्यामुळे तुमच्या शाळेला कुलूप लागलं तर मी कुठे फेडू ते?"

"टेलरबाई, तुमच्यामुळे नाही."

"तुम्ही मोठ्या मनाच्या. म्हणून म्हणता." त्या मशीनवर बसल्या, पायपट्टीवर पाय ठेवला, आणि थांबल्या. "खरं सांगू? उभा जन्म गेला ही मशीन चालवण्यात. कधी पायाकडे बघितलं नव्हतं. झोपेत चालवली असती. आता दर शिवणीला खाली बघते. वाटतं, हा पाय आपल्याला न सांगता काय करून बसेल कोण जाणे. परवा बाह्या उलट्या लावल्या. दोनदा उसवल्या."

बाईंच्या घशात शब्द आला होता. तोंडापर्यंत आला होता. पण यजमान हसत म्हणाले, "बघा, पायाला दोष देतेय, मशीनला नाही. तुमचीच शिकवण ही!" आणि तो शब्द उलट्या पावली परत गेला.

"येते मी," बाई म्हणाल्या. इतक्या घाईने उठल्या की स्टूल पडलं.

*

हवालदार चौकीच्या सावलीत उभा राहून पाणी पीत होता. बाईंना बघून त्याने बाटली खाली केली.

"चलान भरायची खिडकी इथे नाही, बाई. कचेरीत आहे."

"माहीत आहे." बाई जरा घुटमळल्या. "मी विचारायला आले होते. त्या दिवशी तुम्ही बघितलंत. माझा पाय."

"बघितला."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने टोपी काढून आतून रुमालाने पुसली. "माझ्या बायकोला मी गाडी शिकवली होती. म्हणजे शिकवायला घेतली होती. ओरडून ओरडून. एकदा चूक माझी होती, मीच हँडब्रेक ओढून ठेवला होता. आणि ओरडलो तिच्यावर. तिला नंतर कळलं. आजतागायत गाडीला हात लावत नाही. आणि माझ्या शिकवण्यावरही तिचा विश्वास नाही. मी पोरांचा गृहपाठ घेतला की ती पुन्हा तपासते." तो हसला. "त्या तुमच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. भर पुलावर, मागे ट्रक. तिथे मी म्हटलं असतं, तुमच्या मास्तरणीचाच पाय ब्रेकवर आहे, तर त्या पूल तरी उतरल्या असत्या का? म्हटलं, आधी पूल उतरू दे. बाकीचं बाई सांगतील."

बाईंनी नजर पुलाकडे वळवली.

"सांगितलंत ना?"

"चलान मात्र लिहिलंत," बाई म्हणाल्या.

"गाडी थांबली होती ना पुलावर! तेवढं तर खरं होतं!" हवालदाराला खरंच आश्चर्य वाटलं. "कोर्टात जाताय म्हणे? कळलं मला. जा की. तुमचा हक्क आहे. मला बोलावणं आलं तर मी येतो, मी न येणाऱ्यातला नाही. विचारलं तर खरं सांगेन. नाही विचारलं तर स्वतःहून काही सांगायचा नाही. काळजी नको."

काळजी नको! बाईंना वाटलं, यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हा माणूस ओळखीचा ना पाळखीचा. एकदा त्याने पसरलेल्या हातांनी ट्रक अडवला, आणि दुसऱ्यांदा एका वाक्याने त्यांची लाज झाकली. आणि आपण त्याच्याच समोर उभं राहून सांगणार, गाडी बिघडली होती.

"तुमचे आभार मानायचे राहिले होते," बाई म्हणाल्या. "मनापासून."

"आभार कसले? पुढच्या वेळी पाय मोकळा ठेवा." तेवढ्यात चौकात कुणीतरी हॉर्न दिला आणि तो शिट्टी तोंडात धरून पळाला.

*

दुपारी शाळेच्या खोलीत धाकट्याने नाटकच मांडलं होतं. बाईंच्या खुर्चीवर स्वतः जज्ज होऊन बसला होता. टेबलावर डस्टर, हातोडा म्हणून. ज्या पाटीवर बाई खेळण्यातल्या गाड्या सरकवून चौक समजावत त्या पाटीवर त्याने पूल काढला होता. टेलरबाई समोरच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली.

"ये ताई, बस. तू प्रेक्षक. हां, टेलरबाई, मी जज्ज. 'गाडी का थांबली?'"

"बिघडली, साहेब."

"वा! 'तेव्हा तुमचा पाय कुठे होता?'"

"ब्रेकवर असणार."

"असणार नाही म्हणायचं! ब्रेकचं नावच काढायचं नाही. 'क्लचवर होता' म्हणा."

"बरं. क्लचवर होता." टेलरबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पण भाऊ, मला आठवतंय की मी दोन्ही उचलले होते. आता बघा, उचलले असते तर गाडी हलली असती. हलली नाही, म्हणजे उचलले नव्हते. म्हणजे मला आठवतंय तेच खोटं. आता जज्जासमोर काय सांगू, मला माझंच आठवत नाही?"

"उचलले होते तुम्ही," बाई म्हणाल्या.

धाकट्याने डस्टर आपटला. "प्रेक्षकांनी बोलायचं नाही!"

"उचलले होते. दोन्ही. गाडी बिघडली नव्हती, टेलरबाई. माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझा पाय होता. ट्रक बघून मी घाबरले आणि ब्रेक दाबला. दाबूनच ठेवला. पहिल्यांदा बंद पडली तीही माझ्यामुळे. तुमचं सगळं बरोबर होतं. पहिल्यापासून."

रस्त्याच्या पलीकडच्या शाळेतून कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिची पीं-पीं खोलीत ऐकू येत होती.

"तुमचा पाय?" टेलरबाई म्हणाल्या.

"माझा."

"म्हणजे मी हे असे..." टेलरबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय उचलून हवेत धरले. "असे उचलले होते, ते खरंच?"

"अस्सेच."

टेलरबाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून, मग चष्मा काढून. "अहो, मी ह्यांना सांगितलं, माझं डोकं फिरलंय! पाय खाली आणि मला वाटतंय वर! म्हटलं, डोळे ह्यांचे गेले आणि भुलले मी!" त्यांचे पाय अजून हवेतच होते. मग हळूहळू खाली आले, आणि हसूही. "हवालदाराला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही मला म्हणालात, होतं असं."

"हो."

"मी घरी जाऊन देवासारखं नाव घेतलं तुमचं. म्हटलं, चलान खाल्लं पण चकार शब्द बोलल्या नाहीत."

"सकाळी तुमच्याकडे सांगायलाच आले होते. धीर झाला नाही." बाईंनी हात टेबलावर टेकले. "भीती पायात उतरते असं जगाला सांगत आले, आणि माझ्या उतरली तर मी ती तुमच्या नावावर टाकली. मला माफ करा म्हणत नाही. पण तुमचा पाय तुम्हाला परत द्यायचा होता. मशीनवर बसाल तेव्हा खाली बघू नका."

"ताई!" धाकटा उठून उभा राहिला होता. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. कुणालाच माहीत नाही ना? मग झालं तर! उद्या नाकबूल लिही..."

"कबूल लिहिणार आहे."

"अगं, बिल्ला जाईल!"

"परीक्षा देईन. तुझ्यापेक्षा कमी वेळात पास होईन, बघ."

"थट्टा नको. समोरचे टपून बसलेत. मी तुझ्यासाठी वकीलसाहेबांच्या हातापाया पडलो. फुकटात घेतो म्हणाले केस."

"मला कळत का नाही, धाकट्या?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तू माझ्यासाठी इतका धडपडलास, मला किती बरं वाटलं ते तुला सांगताही येणार नाही. पण तो हवालदार येणार आहे. समोर उभा राहणार, आणि विचारलं नाही तर गप्प बसणार. माझी लाज राखण्यासाठी. त्याचे आभार मानायचे तर त्याच्याच तोंडावर खोटं बोलून कसे मानू?"

धाकटा मटकन जज्जाच्या खुर्चीत बसला. डस्टर उगाच इकडून तिकडे केला. मग त्याला शेवटचा आधार सुचला.

"टेलरबाई, तुम्हीच सांगा हिला. झाली चूक, माणूस आहे. तुमच्यासाठीच सांगितलं ना तिने? आता तुम्ही एवढं म्हणा की, बाई, जाऊ द्या, मी देते साक्ष. तुम्ही म्हणालात तर ती ऐकेल."

"धाकट्या, त्यांना मध्ये घालू नकोस."

"का नको? त्यांचाच प्रश्न आहे. टेलरबाई, बोला ना. देताय ना साक्ष?"

टेलरबाईंनी चष्मा पदराने पुसून डोळ्यांवर चढवला. गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती घट्ट गुंडाळली, पिशवीत टाकली. बाईंकडे एकदा नीट पाहिलं, माप घेताना पाहावं तसं, वरपासून खालपर्यंत. बाईंनी नजर चुकवली नाही. इतक्या दिवसांनी त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि समोरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं होतं, शिव्या न देता, कान न झाकता. एवढं पुष्कळ होतं. यापुढे काही मागायला तोंड नव्हतं आणि मागायचंही नव्हतं.

"टेलरबाई?" धाकट्याने पुन्हा विचारलं.

टेलरबाईंनी दारातल्या चपला पायात सरकवल्या, उंबरा ओलांडला, आणि उत्तर न देता रस्त्याला लागल्या.